बसायच्या जागा

सरांनी माझ्यावर कधी विश्वास ठेवला असेल असं मला वाटत नाही. भंडाऱ्यातल्या एका संस्थेच्या दवाखान्यात, छातीच्या ओपीडीत, मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं नर्स होते. या सहा वर्षांत मी घेतलेलं एकही बीपी त्यांनी स्वतः पुन्हा घेतल्याशिवाय केसपेपरवर चढवलं नाही. मी पेशंटचं वजन सांगितलं की ते आधी काट्याकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. टेबलाखाली त्यांनी धानाची एक पिशवी ठेवली होती, बरोबर पाच किलोची. दर सोमवारी सकाळी ती काट्यावर चढायची. काट्याने पाच दाखवले तरी सरांचं समाधान व्हायचं नाही.

"पिशवीतले धान उंदरानं खाल्ले असतील अन् काटाही तेवढाच बिघडला असेल, तर?" त्यांनी एकदा मला विचारलं.

मी म्हणाले, "सर, असं कधी होतं का?"

"होत नाही म्हणून कोणी सांगतलं तुम्हाले?"

उंच, जरा पुढे झुकलेले, सायकलवरून येणारे. पँटीच्या उजव्या पायाला रबर लावलेलं असायचं आणि ते काढायचं विसरलं तर दिवसभर तसंच राहायचं. घड्याळं दोन बाळगायचे, एक मनगटावर आणि एक खिशात. दोन्ही जुळतात का ते तासातासाला बघायचे. ओपीडीतलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी तोंड भिंतीकडे करून टांगलं होतं. "चार मिनिटं मागं आहे," ते म्हणायचे. "खोटं बोलणाऱ्याचं तोंड रोज कायले पाहायचं?" दुरुस्त का करून घेत नाही, असं कारकुनाने विचारलं तर म्हणाले, "दुरुस्तीनंतर ते खरं बोलून राहिलं याची हमी कोण देईल? तुम्ही?"

या गोष्टी आम्ही कँटीनमध्ये एकमेकांना रंगवून सांगायचो. मीही पुष्कळ हसले आहे. अंताराम नावाचा एक मासेमार आमच्या ओपीडीत आला, आणि त्याच्या पायी मला एका रविवारी सरांबरोबर एसटीने जावं लागलं. त्यानंतर माझं हसणं बंद झालं.

सरांना सगळ्यात जास्त संशय होता तो 'बरं' या शब्दाचा.

आमच्याकडचा माणूस डॉक्टरला बरं नाही असं म्हणत नाही. धापा टाकत, मुलाच्या खांद्याचा आधार घेत तो खोलीत येईल, स्टुलावर टेकेल, बोलण्याइतका श्वास गोळा करायला दोन मिनिटं घेईल, आणि साहेबांनी कसं आहे विचारलं की हात जोडून म्हणेल, "बरं हाय जी." त्यात लबाडी नसते. साहेबांनी औषध दिलं, चार शब्द प्रेमाने बोलले, आणि आता त्यांच्या तोंडावर तुमच्या औषधाने काही झालं नाही म्हणायचं? एखाद्याच्या घरी जेवायला बसून भाजी खारट आहे म्हणण्यासारखंच ते झालं. सर याच भागातले, त्यांना हे ठाऊक होतं. म्हणूनच ते कोणाचं ऐकून घेत नव्हते. ओपीडीत 'बरं' म्हणायला बंदी होती. जो म्हणेल त्याचा नंबर शेवटी जायचा.

पवनीकडची एक म्हातारी अशी दोनदा मागे गेली. तिसऱ्यांदा आत आली ती हात जोडूनच. "डाक्टर साहेब, मी आता काय म्हनू? तुमीच सांगा, तसं म्हनीन."

"काही नका म्हणू," सर म्हणाले. "घरी पाणी भरायले कोण जाते?"

"सून जाते जी."

"पहिले कोण जाय?"

"पहिले मीच ना जी."

"मंग आता काहून नाही?"

 म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी केसपेपरवर काहीतरी लिहिलं आणि औषध बदललं. मला त्या वेळी सरांचा रागच आला होता. म्हाताऱ्या बाईला दोनदा रांगेच्या शेवटी पाठवून मग रडवायचं, ही कसली तपासणी?

आमचे पेशंट म्हणजे जन्मभर चुलीचा धूर, बिडीचा धूर नाहीतर राईस मिलचा कोंडा छातीत घेतलेली माणसं. हा आजार पुरता जात नाही. पंपाचं औषध रोज ओढायचं, चालत राहायचं, महिन्याच्या महिन्याला दाखवायला यायचं आणि उरला आहे तेवढा श्वास राखायचा, एवढंच हातात असतं. त्यामुळे माणूस सुधारतो आहे की खचतो आहे हे वेळेवर कळणं फार महत्त्वाचं. आणि सांगणारा तर 'बरं हाय जी' म्हणून मोकळा होणारा. यावर सरांनी जी युक्ती काढली होती ती मी दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात पाहिली नाही. ते विचारायचे, "घरून एसटीच्या थांब्यावर येता, तर मधात कुठं कुठं बसता?"

दम लागतो का, या प्रश्नाला माणूस नाही म्हणतो. दम लागणं त्याला कमीपणाचं वाटतं. पण वाटेत बसायला काय, कोणीही बसतं. त्यामुळे तो खुशाल सांगायचा. देवळाच्या पायरीवर बसतो जी, मंग बोरिंगच्या ओट्यावर, मंग पानठेल्यावर. सर ते शाळेच्या दोनशे पानी वहीत लिहायचे. प्रत्येक पेशंटचं एक पान, पानावर वाटेची वाकडीतिकडी रेघ आणि रेघेवर बसायच्या जागांचे गोल. पुढच्या खेपेला गोल कमी झाले तर औषध लागू पडलं, वाढले तर कुठेतरी बिनसलं. फुंकायचं मशीन आमच्याकडे होतं आणि तेही सर वापरायचे, पण मशीनवर त्यांचा किती भरवसा असेल हे सांगायला नको.

तेव्हा आमची ओपीडी दुसऱ्या मजल्यावर होती. ज्यांना दहा पावलं चालवत नाहीत त्यांना दोन जिने चढून यायचं होतं. खाली जागा द्या म्हणून सरांनी अर्जावर अर्ज केले आणि ऑफिसने ते फायलीत लावले. मग एका सकाळी सर सायकलच्या कॅरिअरला पपईच्या पानांचे देठ बांधून घेऊन आले. आतून पोकळ, त्यातले बारीक बारीक निवडलेले, चीक निघून जावा म्हणून पाण्यात भिजवून ठेवलेले. एक व्यवस्थापकांच्या हातात दिला, एक कारकुनाच्या आणि एक माझ्या. "नाक दाबा. देठातूनच श्वास घ्या. चला वर."

व्यवस्थापकांनी पहिल्या वळणावर देठ थुंकला आणि कठडा धरून उभे राहिले. सर शांतपणे म्हणाले, "तुम्हाले थुंकता आलं. पेशंटले कोण थुंकू देते?" पुढच्या आठवड्यात ओपीडी तळमजल्यावर आली.

मी मात्र तो देठ तोंडात धरून दुसऱ्या मजल्यापर्यंत गेले होते. छाती फुटते की काय असं झालं होतं. वर पोचल्यावर सरांनी माझा देठ हातात घेतला, उजेडात धरला, फिरवून फिरवून पाहिला आणि विचारलं, "कुठं चीर तर नाही पाडली?"

त्या दिवशी मी बदलीचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला. तो पुढे कितीतरी दिवस पर्समध्येच होता.

संशय काही एकट्या सरांनाच येत नव्हता, आम्हालाही सरांचा येत होता. दर रविवारी हा माणूस कुठेतरी जायचा. जवाहरनगरहून येणाऱ्या आमच्या लॅबवाल्याने त्यांना तुमसरच्या एसटीत पाहिलं होतं. कारकुनाचं म्हणणं, गावागावांत चोरून प्रॅक्टिस करत असणार. औषधवाल्याला खात्री होती की जमिनी बघत फिरतात. मी एकदा सरळ विचारलं तर म्हणाले, "वाटा पाहायले जातो." माझा मुळीच विश्वास बसला नाही. सुट्टीच्या दिवशी एसटीचे धक्के खाऊन वाटा पाहायला कोण जातं? उलट अशा बनावट उत्तरामुळे माझा संशय पक्का झाला.

अंताराम आला तो उन्हाळ्याच्या शेवटी. बपेऱ्याच्या अलीकडचं गाव, जातीचा ढिवर, सगळी हयात गावच्या तलावात गेलेली. जाळं टाकायचं, शिंगाडे काढायचे, बुडी मारून गाळात अडकलेली जाळी सोडवायची. साठीच्या पुढचा, काळा, चिवट, छाती मात्र पिंपासारखी फुगलेली. इतर पेशंट काही मागत नाहीत. याने पहिल्याच दिवशी मागितलं.

"मले तलावावर जाता आलं पाह्यजे जी. जाळं नाई वढत मी आता. पाळीवर, बांधावर जाऊन बसता आलं तरी पुरे. बाकी काई नाई मागत."

पंप शिकवायचं काम माझं. अंताराम पहिल्याच झटक्यात शिकला असं मला वाटलं. औषध तोंडात सोडलं, ओठ मिटले आणि श्वास धरला. मी दहा आकडे मोजते. हा बारापर्यंत गेला, आणि सोडल्यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू नदी पोहून आलाय. आमच्या पेशंटमध्ये इतका वेळ श्वास धरणारं कोणी नव्हतं. मी कार्डावर 'उत्तम' लिहून टिक केली.

वहीत त्याच्या पानावर पहिल्या महिन्यात चार गोल होते. पुढच्या महिन्यात दोन. पोळा झाल्यावर आला तेव्हा मी विचारलं, "आता वाटेत कुठं बसता, काका?" तो म्हणाला, "कुठंच नाई जी." मी टाळीच वाजवली. शेजारच्या सिस्टरला बोलावून पान दाखवलं. मोठ्ठं शून्य काढलं आणि त्याला तीन महिन्यांनंतरची तारीख दिली. ज्यांचे गोल कमी होत जातील त्यांना लांबची तारीख द्यायची, म्हणजे गर्दी कमी होऊन बाकीच्यांना वेळ देता येतो; हे एवढंच काम सरांनी माझ्या निर्णयावर सोडलं होतं, तेही दर शनिवारी वही तपासण्याच्या बोलीवर.

शनिवारी पानं उलटता उलटता त्यांचं बोट थांबलं.

"हे शून्य कोणाचं?"

"अंतारामचं, सर. खूप सुधारला."

"शून्य दोघांचंच असते, सिस्टर. धडधाकट माणसाचं, नाही तर खाटेवरच्या माणसाचं. हा कोणता?"

"सर, तो माझ्यासमोर चालत खोलीत आला."

"अन् घरून इथपर्यंत?"

मी आठवलं. खिडकीतून मला दिसलं होतं. "मुलाच्या गाडीवर," मी म्हणाले, आणि वहीतल्या शून्याकडे पाहिलं.

सरांनी वही मिटली. "उद्या सकाळच्या एसटीनं तुम्ही येऊन राहिल्या माझ्यासंगं." हा प्रश्न नव्हता.

तुमसरला बस बदलून आम्ही गावात उतरलो. दोन परकी माणसं, त्यातल्या एकाच्या पायाला रबर आणि हातात वही. पानठेल्यावरच्या बाकड्यावर बसलेल्यांनी आम्हाला नीट न्याहाळलं. "मीटरवाले काय जी?" एकाने विचारलं. सरांनी डॉक्टर आहे असं सांगितलं नाही. "अंतारामजी कुठं राहतेत?" एवढंच विचारलं. यावर ती माणसं आणखीच सावध झाली आणि एकाने विनाकारण बपेऱ्याकडे बोट दाखवलं. शेवटी घर आम्हीच शोधलं.

अंताराम अंगणात खाटेवर होता. कुडाच्या भिंतीला जाळं टांगलेलं, आणि त्यात कोळ्याने आपलं जाळं विणलेलं. आम्हाला पाहून तो उठू लागला. त्याला उठता येईना. खाटेची पाटी धरून अर्धवट बसला, हात जोडले, दोन वेळा तोंड उघडलं आणि तिसऱ्यांदा आवाज निघाला.

"बरं हाय जी."

सर रागावले नाहीत. खाली जमिनीवरच बसले. "तलावावर कवा गेलते?"

त्याने बायकोकडे पाहिलं. ती पदराने तोंड पुसत पुढे आली. "पोळ्याच्या पहिलेपासून नाई गेले जी. पोरगा गाडीवर दवाखान्यात नेते, तेवढंच. अंगनात यायले भिंत धरा लागते."

"मंग दवाखान्यात काहून नाही सांगतलं?"

अंतारामने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. "ही बाई किती खुश झाली होती जी. कुठंच नाई बसत म्हनलं तं टाळी वाजवली तिनं. कसं सांगू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं मन राखायला तो माणूस गुदमरत राहिला होता, आणि मी त्याला तीन महिने येऊ नको म्हणून सांगितलं होतं.

सर म्हणाले, "पंप घेऊन दाखवा."

त्याने घेतला, ओपीडीत घेतला तसाच. सर त्याच्या अगदी जवळ सरकले आणि श्वास धरलेला असतानाच त्यांनी त्याच्या गालावर बोटाने टिचकी मारली. गाल टम्म फुगलेले होते. औषधाची सगळी वाफ फस्सकन बाहेर आली. छातीत काही गेलंच नव्हतं. मी त्याच्यासमोर बसून आकडे मोजत होते आणि मला गाल दिसले नव्हते.

"हे कोणी शिकवलं तुम्हाले?" सरांनी विचारलं. मी डोळे मिटून घेतले.

"शिकवा कायले लागते जी," अंताराम म्हणाला. "पान्यात बुडी माराची तं असाच दम भरा लागते. तोंडात हवा घ्याची अन् गळा बंद कराचा. लहानपनापासून येते."

सरांनी त्याच्या हातातला पंप काढून खाटेवर ठेवला. मग म्हणाले, "बुडी मारून वर आल्यावर पहिला दम कसा घेता?"

अंताराम पहिल्यांदा हसला. त्याने मान वर केली, तोंड उघडलं आणि हळू, लांब, पोटापर्यंत श्वास ओढला. तेवढ्यानेही त्याला खोकला आला.

"हाच," सर म्हणाले. "पंप घेताना बुडी नाही मारायची. वर यायचं."

तासाभरात त्याने पाच-सहा वेळा नुसत्या पंपाचा सराव केला आणि एकदा औषध घेतलं. सर दर वेळी गालाला बोट लावून बघत होते. मग मला म्हणाले, "तुम्ही लावा." मी लावलं. गाल सपाट होते. "आता मी पुन्हा लावतो," सर म्हणाले आणि पुन्हा लावलं. त्या दिवशी मला त्याचा राग आला नाही.

निघताना त्यांनी वही उघडली आणि माझ्याकडून शून्य खोडून घेतलं. "एसटीची वाट विचारायची नाही याले. याले जिथं जायचं आहे तिथली वाट काढा." मी घरापासून तलावापर्यंत रेघ काढली. घराच्या कोपऱ्यावर एक दगड होता. सर म्हणाले, उद्यापासून तिथपर्यंत चालायचं आणि बसायचं. जमलं की पुढची जागा. मी दगडापाशी एक गोल काढला. दवाखान्यात मी गोल कमी होण्याची वाट बघत असे. या पानावर मात्र ते वाढायला हवे होते, हे मला एसटीत बसल्यावर पुरतं समजलं. सर मला काही बोलले नाहीत. चार शब्द सुनावले असते तर मला हलकं वाटलं असतं.

पर्समधला अर्ज मी त्या संध्याकाळी फाडला. कामाची रीतही तिथून बदलली. वाटेत कुठं बसता, याच्या आधी एक प्रश्न आला: काय काय करायचं सोडलं? पंप मी बघायचा आणि मग सरांनी, दोघांच्या सह्या. तारखेला जो येणार नाही त्याला गुरुवारी दुपारी फोन. "आला नाही तो सुधारला असं समजायचं नाही," सर म्हणायचे. मी फोन करायची आणि नंतर सर त्याच माणसाला फोन लावून विचारायचे, "आमच्या सिस्टरचा फोन आलता काय? खरंच आलता?"

अंताराम दर महिन्याला येत होता. दोन गोल झाले, तीन झाले. दिवाळीनंतर पाच. मधे एकदा ताप येऊन पुन्हा दोनवर आला, तेव्हा मी रात्री जेवले नाही. मग उन्हाळा लागता लागता त्याच्या मुलाचा फोन आला, आवाज आनंदाने फुटत होता. "बाबा तलावावर पोचले जी! सात जागी बसले, पन पोचले!"

मी स्पीकरवर लावलं होतं. सर म्हणाले, "कोणी पाहिलं?"

रविवारी आम्ही गेलो. या वेळी मला कोणी चल म्हणालं नव्हतं. कोपऱ्यावरचा दगड, शाळेचा ओटा, पानठेल्याचं बाकडं, आखरातला, म्हणजे गुरं जमायच्या मोकळ्या जागेतला, पडलेला मोहाचा बुंधा, बोरिंग, पाळीची पायरी आणि पाळीवरचा जाळी वाळवायचा ओटा. अंताराम बसला की सरही शेजारी बसायचे, खिशातलं घड्याळ काढायचे आणि किती मिनिटं ते गोलात लिहायचे. पानठेल्यावर तीन मिनिटं लागली, कारण ठेलेवाला बोलका होता. त्याने आम्हाला ओळखलं होतं, तरी "मीटर कवा पाहता?" म्हणून विचारलंच.

शेवटच्या ओट्यावर अंताराम टेकला. समोर पाणी पसरलेलं, वारा सुटलेला, दूरवर डोंग्यात दोघं जण जाळं टाकत होते. बराच वेळ तो नुसता बघत राहिला. मग सरांना म्हणाला, "साहेब, आता म्हनू काय?"

"काय?"

"बरं हाय."

सरांनी त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं मशीन लावलं. आकडा पाहिला. मनगटावरचं घड्याळ पाहिलं, खिशातलं पाहिलं. मग म्हणाले, "म्हणा."

अंतारामला तलावाचे दोन हंगाम मिळाले. नंतरच्या हिवाळ्यात गावात धानाची मळणी सुरू झाली, हवेत सगळीकडे धूळ आणि भुसा. त्याला न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. सकाळी मुलाचा फोन आला. सर तोवर निवृत्त झाले होते. मी त्यांना कळवलं.

"कोणी पाहिलं?" ते म्हणाले. मग पलीकडे जुन्या वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला.

आम्ही पोचलो तेव्हा तिरडी उचलत होते. त्यांचा घाट तलावाच्या पाळीपलीकडे, म्हणजे वाट तीच. बाया घाटावर जात नाहीत. मी सरांच्या मागे मागे चालत राहिले आणि मला कोणी अडवलं नाही. रीतीप्रमाणे तिरडी वाटेत एकदा खाली ठेवतात, विसाव्याला. पण कोपऱ्यावरच्या दगडापाशीच मुलगा म्हणाला, "ठेवा."

"अठीच?" एक म्हातारा म्हणाला. "आताच तं उचलली."

"बाबा अठी बसत जी."

ठेवली. पुन्हा उचलली. शाळेच्या ओट्यापाशी मुलाने नुसता हात वर केला आणि लोकांनी समजून ठेवली. पुढे आखरात, मोहाच्या बुंध्यापाशी, कोणाला काही सांगावं लागलं नाही. म्हाताऱ्यांनीही खांदा खाली केला. तिरडी टेकली तेव्हा सरांचा आवाज आला.

"थांबा. एक राहिली."

सगळ्यांनी वळून पाहिलं. सरांच्या हातात वही उघडलेली होती.

"कोनती जी?" मुलाने विचारलं.

"पानठेला. तिसरी."

"ठेला तं कवाचाच डांबरी रोडवर गेला जी. बाकडंही गेलं. तठी आता काई नाई."

"बाकडं गेलं. जागा तिथंच आहे."

तो मघाचा म्हातारा पुढे झाला. "तिरडी मांगं नाई फिरवत, साहेब."

"नका फिरवू," सर म्हणाले.

ते एकटेच मागे फिरले. जिथे ठेला होता तिथे आता नुसती तुडवलेली माती होती. सर तिथे गेले, इकडेतिकडे पाहून जागा नक्की केली, रुमाल अंथरला आणि गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले. उजव्या पायाला रबर तसंच होतं. त्यांनी खिशातलं घड्याळ काढून तळहातावर ठेवलं. आखरात सगळं गाव तिरडीभोवती उभं होतं, आणि कोणी चला म्हणालं नाही.

तीन मिनिटं झाल्यावर सर उठले. मी माझ्या घड्याळात पाहून घेतलं होतं.